ढिली मूठ

[अकोला. दसऱ्याआधी चार दिवस. कुर्बान शिकलगाराचं दुकान.]

दुर्गाबाई : हळू धरा कुर्बानभाई, पातं निसटंल! काल पुसाले घेतली तं मूठ माह्या हातात अन् पातं चुलीपाशी.

कुर्बान : या अल्ला! पाटलीनबाई, हे तलवार व्हय का तमाशा? बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव ठोकून बनवली. कोनं देल्ली?

दुर्गाबाई : शालूच्या बापानं आनली, अमरावतीच्या बाजारातून.

कुर्बान : अन् तुमच्या सासऱ्याची, महादेवराव पाटलाची असली? माह्या अब्बानं तिले धार लावली हाय!

दुर्गाबाई : इकली. कापसाले सोन्याचा भाव आला अन् मुंबईचे शेठ गावोगाव फिराले लागले. एकाले भितीवर टांगाले तलवार पायजे होती. घरात काही कमी नव्हतं भाऊ, पन शेठ ओट्यावर येऊन बसला, गोड बोलला, अन् शालूचा बाप भुलला.

कुर्बान : बुढ्याले ठाऊक हाय?

दुर्गाबाई : नाही ना! मामाजीले आता अंधुक दिसते. तशीच दिसनारी आनून खुंटीले लावली. दोन दसरे झाले, मामाजी ह्याच तलवारीनं कोहळा कापते. यंदा साऱ्या गावासमोर पातं उडालं तं? कोनाले लागलं तं? अन् मामाजीले कळंल का पोरानं बापजाद्याची तलवार इकली. ऐंशीचा मानूस, जागीच बसंल. मले लय भेव वाटून राहिलं.

कुर्बान : सबर करा. मूठ शेगडीवर धरतो. आतली लाख पघळली का शेपूट बाहेर येते.

दुर्गाबाई : शेपूट?

कुर्बान : पात्याची मुठीत जानारी पट्टी. असलीत मुठीएवढी लांब रायते. हिच्यात पाहा, दोन बोटं! वरून लाख ओतली, चला बाजारात. अरे, थांबा. हे काय?

दुर्गाबाई : काय झालं?

कुर्बान : जुनी लाख खरडून नवी ओतली कोनीतरी. अर्धी कच्ची. शेपटाले चिंधी गुंडाळली, बांबूची खपली ठोकली. हे कारागिराचं काम नाही बाई. घरी कोनं केलं?

दुर्गाबाई : कोनीच हात लावत नाही. मामाजीच्या उशाशीच्या खुंटीलेच तं रायते. पाहू चिंधी? अगं माय! हा माह्या हिरव्या लुगड्याचा पदर! मांगच्या आखाडात दांडीवरून गेला, मी शालूले किती बोलली!

कुर्बान : टटोल टटोलके, चाचपून चाचपून केलं बिचाऱ्या बुढ्यानं. पाटलाले पयल्याच दिवशी समजलं असंल. पन्नास वरीस जे तलवार धरली, तिचं वजन हात भुलत नाही.

दुर्गाबाई : दोन वरीस! अन् आमाले एक शबूद नाही. उलट पोराले इचारते, बाबू, तलवारीले तेल देल्लं का? मले वाटे, आमी बुढ्याले सांभाळून राहिलो. माह्याच तोंडात मारून घ्यावं वाटते भाऊ.

कुर्बान : रडू नका. लांब पट्टी जोडतो, मुठीच्या आरपार काढून वरून ठोकून बसवतो. दहा कोहळे कापा, हालनार नाही. पन पाटलानं हातात घेतली का त्यायले समजंल, कोनीतरी पक्की केली. मंग?

दुर्गाबाई : समजू द्या. शालूचा बाप बाहेर लिंबाखाली बसला हाय, तुमाले तोंड दाखवाची लाज वाटते म्हने. सांजेले तलवार त्याच्याच हाती द्या. घरी बापाले तोच देईल.