वेगळा नारळ

एसटी स्टँडवर तेर गावाची गाडी अजून लागायची होती. नसीमबी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि मागच्या बाकावर नगरपालिकेतले दोघं बोलत होते, एक पाणीपुरवठ्याचा, दुसरा दिवाबत्तीचा.

“स्मार्ट शहराच्या बैठकीत ठरलं हुतं, समद्या खात्यांनी मिळून रस्ता एकदाच खोदायचा. मग तांबोळी गल्लीत तुमचा पाइप राहिला कसा?”

“राहिला न्हाय, म्या ठिवला. बांधकाम खात्याच्या साहेबानं इचारलं, खाली तुमचं काही बाकी हाय का? म्या म्हणलं, काहीच न्हाय.”

“का वो?”

“नारळ कुणी फोडला? त्यानं. पेपरात फोटो कुणाचा? त्याचाच. गल्लीतल्या एका बाईनं तर त्याला खुर्ची टाकून आल्याचा चहा पाजला. इतकी वर्षं तिथं पाणी म्या सोडतोय, मला कुणी बसासुदिक म्हणलं न्हाय.”

“आन् आता?”

“आता दिवाळी झाली की काँक्रीट फोडायचं. आमचा पाइप, आमचा वेगळा नारळ.”

“जुना पाइप तर फुटलाय. तवर गल्लीनं पाणी कुठनं आणायचं?”

“मागू दे की त्या चहावाल्या साहेबाला.”

गाडी लागली. नसीमबीनं पिशवी उचलली, पदर सावरला आणि मागं वळली.

“भाऊ, तो चहा माझ्या घरचा. तुम्हीबी या, खुर्ची टाकते. दूध हाय, साखर हाय, आलंबी हाय. पाणी तेवढं येताना घेऊन या.”