मी हरवल्याची बातमी

विषय: बेंगळुरूतल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मला परत घेण्याबाबत.

ग्रुपची ॲडमिन माझीच बायको. प्रत्येक मेसेजखाली मी "आधार काय?" असं विचारायचो, म्हणून तिने मला काढून टाकलं.

परवा मी फोन घरी विसरून चिकपेटच्या बाजारात पंचे घ्यायला गेलो. ग्रुपमधलाच एक ओळखीचा दुकानदार मला पाहताच गल्ला सोडून धावत आला.

"अण्णा, हलू नका. तुम्ही हरवलाय."

"मी पंचे घ्यायला आलोय."

"ग्रुपवर तुमचा फोटो आहे. सगळे शोधतायत. स्वल्प, थोडं बसा."

त्याने ग्रुपवर कळवलं आणि बघता बघता मंडळी स्कूटरवरून येऊन थडकली. एकाने हार आणला होता. तो कोणत्या तयारीने, ते मी विचारलं नाही. सगळ्यांनी माझ्यासोबत फोटो काढले. निवृत्तीच्या दिवशीही इतकी गर्दी नव्हती.

घरी बायको म्हणाली, "ग्रुप नसता तर सापडला असता का?"

"अगं, मी हरवलोच नव्हतो."

"आधार काय?"

मी सापडल्यावर ग्रुपवर कोणी काय लिहिलं ते वाचायची फार इच्छा आहे. त्याच संध्याकाळी ॲडमिनकडे लेखी अर्ज दिला. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.