श्वासाची जागा

नवी गायिका : पुन्हा मीच कडव्यात आधी शिरले का?

ट्रंपेटकाका : नाही गं पोरी. तू ठोक्यावरच आलीस. मागे राहिलो ते आम्ही.

नवी गायिका : अख्खा बँड, एकाच वेळी?

ड्रमर : कडव्याआधी एक ठोका रिकामा जातो. गाणं तसंच आहे.

नवी गायिका : तुमच्या दादांच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तर नाही जात.

ड्रमर : तेव्हा त्याला धाप लागत नव्हती.

ट्रंपेटकाका : आजारपणात लागायला लागली. तिथं मान वळवून श्वास ओढायचा. लोकांना कळू नये म्हणून आम्हीही थांबायचो. आपल्या स्का-रेगे संगीताची तऱ्हाच उलटी, ठोका सोडून मधल्या फटीत वाजवायचं. लोकांना वाटलं, हीपण लयीतलीच खोडी. नाचणारे पाय अधांतरी धरून उभे राहायचे.

नवी गायिका : मला आधी सांगायचंत ना.

ट्रंपेटकाका : आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं, तो गेल्यावरही आम्ही अजून थांबतो म्हणून?

नवी गायिका : मग बुजवू या जागा. माझा दम पुरतो.

ड्रमर : हो, तुझा पुरतो. कौतुक आहे!

ट्रंपेटकाका : अरे, जिभेला काही हाड?

ड्रमर : काका, माझ्या भावाचा माईक दिला, त्याची गाणी दिली. आता त्याचा श्वासही लिंपून टाकायचा?

नवी गायिका : माईक मागायला मी आले नव्हते. तुम्ही आला होतात माझ्या दाराशी, बँड जगवायचाय म्हणत. नको असेन तर आत्ताच सांगा, चप्पल दारातच आहे.

(ड्रमर झांजेवर एक काठी मारतो. मग थरथरती झांज हातानं धरतो.)

ड्रमर : उद्या आई येणारे ऐकायला.

नवी गायिका : बरं.

ड्रमर : त्या जागेवर तीपण श्वास घ्यायची, त्याच्याबरोबर. जणू तिनं घेतला तर त्याला पुरणार होता.

नवी गायिका : ...राहू दे जागा. पण धापेचं सोंग मी नाही आणणार. तिथं मी माईक तुमच्याकडे वळवीन.

ड्रमर : मला कुठं गाता येतं?

नवी गायिका : गाऊ नका. फक्त श्वास घ्या. तिचा एक लेक अजून घेतोय, एवढं तिला ऐकू जाऊ दे.

ट्रंपेटकाका : चला, कडव्यापासून. आणि पोरी, माईक जरा खाली घे. हा बसून वाजवतो.