निकिताचा फोकस

द्वारका चौकात कॅमेरे-दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात मी थांबलो होतो. माझ्यापुढे निफाडकडचे एक काका होते, दुर्बीण न्यायला आलेले.

“घ्या काका. फोकसचं चाक आता हलकं फिरतंय. जुनं ग्रीस वाळून दात्यांत दगडासारखं बसलं होतं.”

“चाक फिरवलं का तुम्ही?”

“फिरवल्याशिवाय साफ कसं होणार?”

“नळी जिथं होती तिथं परत आणता येईल?”

“तिथं कशाला? तिथं सगळं धुरकट दिसत होतं. वरचा बारका स्क्रूही कोणीतरी करकचून आवळलेला.”

“निकितानं. माझ्या पोरीनं. कुणी हलवू नये म्हणून.”

“चष्मा आहे का तिला?”

“लय जाड. दुर्बिणीला डोळा लावताना काढून माझ्या हातात द्यायची.”

“मग बरोबर. तिनं स्वतःच्या डोळ्याला लावलेला फोकस तो. आधी सांगायचं ना, नळीवर पेन्सिलनं खूण करून ठेवली असती. असं करा, तिलाच घेऊन या. दोन मिनिटांत लावून देतो.”

“ती गेली. पोळ्याला वर्ष झालं.”

“मला माहीत नव्हतं, काका.”

“तुमची काय चूक. मला वाटलं, नुसतं तेल घालाल.”

“बघा तरी एकदा. ती समोरची पाण्याची टाकी बघा.”

“दिसती. टाकीवरचं पाखरूसुद्धा दिसतंय.”

“मग झालं तर.”

“मला दिसतंय हो भाऊ. तिला नाय दिसायचं आता.”