मधली पानं

पाळकसाहेब, मंडळीतले वडीलधारे, बाईंच्या हाताखाली शिकून मोठे झालेले तुम्ही सगळे, आणि भातकुलीहून आलेले राजेशभाऊ, सुनंदाताई आणि रिबा. सगळ्यांना सलाम.

मी डॅनियल. अकोल्याचा, दर रविवारी गाडीनं इथे येणारा. पोस्टातून रिटायर झालो आणि गेली सहा वर्षं आपल्या चर्चच्या वाचनालयात मार्थाबाईंबरोबर मुलांची पुस्तकं तपासत होतो. आज बोलायचं म्हणून चार ओळी लिहून आणल्या आहेत. गाडीत बडनेऱ्यापर्यंत पाठ करत आलो. त्यांत बाई प्रेमळ होत्या, शिस्तीच्या होत्या, असं सगळं आहे. ते खरंही आहे. पण तेवढंच म्हणून मी खाली बसलो, तर बाईंशी दुसऱ्यांदा खोटं बोलल्यासारखं होईल. म्हणून तो कागद खिशातच राहू देतो.

मंडळी, बोलणं जड जातं आहे. दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर भीती जास्त आहे. आपल्या समितीच्या वहीत एक वाक्य लिहिलेलं आहे. ‘मार्थाबाईंच्या निष्काळजीपणामुळे अयोग्य पुस्तक लहान मुलांच्या हाती गेले.’ त्याखाली पाच सह्या आहेत. त्यांतली एक माझी आहे. ते वाक्य आज इथे, बाईंच्या फोटोसमोर खोडलं जावं, यासाठी मी उभा राहिलो आहे. आणि मंगळवारी बाईंना माती दिल्यावर दफनभूमीत रिबानं मला एक प्रश्न विचारला. मी मान खाली घातली आणि फाटकाबाहेर निघून गेलो. त्याचंही उत्तर द्यायचं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे दान आलेली ख्रिस्ती कादंबरी सरळ मुलांच्या कपाटात जात नसे. दोघांनी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, हा बाईंचा नियम. मग मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिठ्ठी लागायची. पिवळी म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी वाचावी. हिरवी म्हणजे बारा-तेराच्या. तांबडी म्हणजे त्याहून मोठ्यांनी. चिठ्ठीवर दोन सह्या. आणि काही खटकलं असेल तर पान कोणतं आणि खटकलं काय, हे बाई पेन्सिलीनं लिहायच्या.

लोकांना वाटायचं, बाई वाईट शब्द शोधतात. एकदा एका मुलीच्या वडिलांनी कादंबरीतला ‘चुंबन’ हा शब्द काळ्या शाईनं खोडायला सांगितला. बाई म्हणाल्या, “खोडलं का पोट्टे उजेडात धरून वाचतीन. राहू द्या. चौदा वर्षांच्या पोरीले प्रेम समजते. तुमाले समजत नसन तं थे वेगळं.” हसा, हसा. त्या दिवशी मीही हसलो होतो.

आणि उलटही व्हायचं. एक छान चित्रांची कादंबरी आली होती. गरीब मुलगा रोज प्रार्थना करतो आणि शेवटी त्याला सायकल मिळते. मी म्हटलं, बाई, याला पिवळी लावू, किती गोड आहे. बाईंनी बाजूला ठेवली. “ज्याले सायकल नाई भेटली, त्यानं काय समजाव, डॅनियल? देवाले तो आवडत नाई?” मी पिवळी चिठ्ठी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, “शेवटी आमेन तं सगळेच म्हणतात. आमेनच्या आधी त्या लेकरावर काय गुजरते, थे पाय. पुस्तक वाचतानी लेकरू एकटं असते. त्याच्याजवळ तवा कोणीच नसते.”

हे मी सहा वर्षं ऐकलं. शेकडो वेळा ऐकलं. आणि तरीही केलं ते केलं.

मागच्या उन्हाळ्याच्या सुटीत पुस्तकांचं एक खोकं आलं. बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा, दर दोन तासांनी थेंब, महिनाभर वाचायचं नाही. मुलं मात्र रविवारी विचारायची, नवीन पुस्तकं कधी? मी एक कादंबरी घरी नेली. मुखपृष्ठावर क्रूस आणि दोन भावंडं. पहिलं प्रकरण वाचलं. मग, मंडळी, मी शेवटचं प्रकरण वाचलं. आपल्या पुस्तकांचं मला ठाऊक होतं ना. मध्ये काही का होईना, शेवटी पश्चात्ताप येतो, सगळे गुडघे टेकतात, गाणं होतं. इथेही तेच होतं. मी पिवळी चिठ्ठी लावली, सही केली आणि बाईंच्या घरी गेलो.

बाईंनी चष्म्याआडून विचारलं, “मधलं वाचलं का, डॅनियल?”

मी म्हटलं, “हो बाई. सगळं वाचलं.”

त्यांनी पेन मागितलं. मी त्यांचं बोट धरून चिठ्ठीवर जागा दाखवली. त्यांनी सही केली. न वाचता केलेली त्यांची ती एकच सही. आता कोणी म्हणेल, न वाचता सही केली, मग चूक त्यांचीही झालीच. बाईही तेच म्हणाल्या. पण त्यांनी कोणाच्या शब्दावर केली, हे तुम्हाला कोणीच सांगितलं नाही.

पाळकसाहेब, थोडं थांबा. मला कळतं आहे तुम्ही काय म्हणणार. नाही, मी बसत नाही.

ते पुस्तक रिबानं नेलं. नऊ वर्षांची पोरगी. सुनंदाताई तेव्हा अकोल्याला दवाखान्यात होत्या, मोठं ऑपरेशन ठरलेलं. राजेशभाऊ त्यांच्याजवळ. रिबा भातकुलीला आजीकडे. त्या पुस्तकाच्या मधल्या पानांत काय आहे, ते मी नंतर वाचलं. मुलाची बहीण आजारी पडते. तो प्रार्थना करतो, पण एका संध्याकाळी त्याच्या मनात शंका येते. बहीण मरते. आणि गावातला एक मोठा माणूस त्या मुलाला सांगतो, “तुझा विश्वास कमी पडला.” बस. पुढे तो मुलगा पश्चात्ताप करतो, सगळे गातात. पण ते वाक्य चुकीचं होतं असं पुस्तकभर कोणीच म्हणत नाही. त्यात शिवी नाही, रक्त नाही. खोडायला एक शब्द सापडला नसता.

रिबानं जेवण सोडलं. आजीला कळू नये म्हणून ताटातलं शेजारच्या कुत्र्याला घालायची आणि दिवसभर प्रार्थना करायची. चौथ्या दिवशी अंगणात पडली. आजीनं उचललं तेव्हा म्हणाली, “आजी, मले काल शंका आली होती. आता आई मरन का?”

सुनंदाताई, तुम्ही आज आमच्यासमोर बसल्या आहात, देवाची कृपा. पण ते चार दिवस तुमच्या लेकीनं एकटीनं काढले. ते माझ्यामुळे.

मग समितीची बैठक झाली. राजेशभाऊ, तुम्ही टेबलावर पुस्तक आपटलं होतं. तुम्ही बाईंना म्हणालात, “माई पोरगी मेली असती तं?” तुमचा राग खरा होता. पण तो चुकीच्या माणसावर निघाला. ज्याच्यावर निघायला हवा होता, तो तुमच्या बाजूच्याच खुर्चीवर बसून चहा पीत होता. बाई उठल्या. म्हणाल्या, “सही माई हाये. न वाचता केली.” माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेल्या. मग वहीत ते वाक्य लिहिलं गेलं. वही फिरत माझ्याकडे आली. मी सही केली. वही पुढे सरकवली आणि उरलेला चहा प्यायलो, मंडळी. हेच मला आता झोपू देत नाही.

त्यानंतर बाई दर शनिवारी एसटीनं भातकुलीला जात होत्या. हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? राजेशभाऊंनी पहिल्या दिवशी दार उघडलं नाही. दुसऱ्या शनिवारी आजीनं उघडलं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून रिबा वाचायची आणि बाई ऐकायच्या. तेच पुस्तक. तीच पानं. त्या वाक्याशी आले की बाई थांबवायच्या आणि विचारायच्या, “हा मोठा माणूस खरं बोलून राहिला का, रिबा?” पहिल्या वेळी ती हो म्हणाली. त्याच्या पुढच्या शनिवारी तिनं नुसतंच पान उलटलं. किती शनिवार गेले मला माहीत नाही. पण एक दिवस ती म्हणाली, “नाई. तो खोटा हाये.” त्या दिवशी दोघींनी पोटभर भरीत-भाकर खाल्ली, असं आजी सांगते.

मी काय करत होतो? पाच महिने होते माझ्याकडे. दर रविवारी बाई चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायच्या. मी पुढे बसायचो, म्हणजे नजरेला नजर नको. मला वाटायचं, त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं आहे की मी वाचलं, फक्त माझी समज कमी पडली. त्यावर मी माझं समाधान करून घेतलं होतं.

आता रिबाचा प्रश्न सांगतो. मंगळवारी माती देऊन सगळे परत फिरले. ही माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, “काका, थ्या पुस्तकाची मधली पानं तं जोडलेली होती. म्या पट्टीनं कापली. तुमी न कापता कशी वाचली?”

मंडळी, बाइंडिंग करताना कधीकधी चार-सहा पानं वरून आणि बाजूनं जोडलेलीच राहतात. कापल्याशिवाय आतलं दिसत नाही. नेमकी ती पानं तशी राहिली होती. मी पुस्तक उघडून नीट चाळलंसुद्धा नव्हतं, म्हणून मला कळलं नाही. पण दार उघडलं त्याच शनिवारी या पोरीनं बाईंना सांगितलं होतं की जोडलेली पानं तिनंच कापली. म्हणजे बाईंना माहीत होतं. पाच महिने माहीत होतं. मागच्या बाकावर बसून माझी पाठ बघताना माहीत होतं.

काल संध्याकाळी मी भातकुलीला गेलो. रिबाला विचारलं, तू हा प्रश्न बाईंना नाही विचारलास? ती म्हणाली, विचारला होता. मग बाई काय म्हणाल्या? रिबा म्हणाली, “बाई म्हणल्या, थे डॅनियलकाकाले इचारजो. तो सांगन.”

तो सांगन.

त्यांनी एका शब्दानं मला पकडलं नाही. समितीला सांगितलं नाही, पाळकसाहेबांना सांगितलं नाही. माझ्यावर एकदा विश्वास ठेवून त्यांची अब्रू गेली होती आणि तरी त्यांनी पुन्हा विश्वास ठेवला. आणि मी त्यांना माती देईपर्यंत गप्प बसलो. याची मला लाज वाटते. इथे उभं राहून वाटते आहे आणि घरी जाऊनही वाटणार आहे.

सेक्रेटरीसाहेब, वही आणायला सांगितली होती. आणली ना? ते वाक्य खोडा. तिथे माझं नाव लिहा, पूर्ण नाव. राजेशभाऊ, तुम्हाला मला काही बोलायचं असेल, तर बाहेर पारावर मी थांबलेलो असेन. जा म्हणालात तरी जाणार नाही.

आणि कपाट बंद ठेवू नका. पाच महिने त्याला कुलूप आहे. मुलं वाचायची थांबलेली नाहीत. ती एकटीच काहीतरी वाचत आहेत आणि आपण कोणीच बघत नाही आहोत. किल्ली माझ्याकडे देऊ नका. पण उघडा.

रिबा, उभी राहू नको, बस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ती पानं मी वाचली नव्हती, बेटा. वाचली असं बाईंना खोटं सांगितलं. तुझा विश्वास कुठेच कमी पडला नव्हता. माझं वाचन कमी पडलं.

मंडळी, आता आपण उभे राहू. घड्याळ लावू नका. एका लेकराला एक पान वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे गप्प राहू. रिबा हातातल्या पुस्तकातलं एक पान मनातल्या मनात वाचेल. तिचं झालं की ती सांगेल, मग बसू.

बाई, सांगितलं. उशीर झाला. सलाम.