किसाबुरोदादाचा फोटो आणि तो लाल दिवा

...आता तुम्हीच सांगा, अंधार असला तरी लाल आणि उजेड झाला तरी लाल, असला दिवा घालतं का कुणी कॅमेऱ्यात? माणसानं करायचं काय?

बिचाऱ्या तोकुजीनं तो कॅमेरा आणला एका फोटोसाठी. त्याचा थोरला भाऊ किसाबुरो उभा जन्म ब्राझीलात कॉफी तोडून घरी आलेला, दुपारच्या बसनं परत निघालेला, या वयात पुन्हा कुठला येतोय! आणि उमेनोताईचं सकाळपासून डोळे पुसत एकच चाललेलं, "तोकु, भावंडांचा एक तरी फोटो काढ रे, मग मी मरायला मोकळी!" आणि रोलात उरला होता एकच, एकच हो! बाकीचे सगळे किसाबुरोनं बर्फावर उडवलेले. कुंपणावरचा बर्फ, संडासावरचा बर्फ... तिकडे पडत नाही ना!

तर देव्हाऱ्यापुढे सगळे बसले. तोकुजीनं डोळा लावला... दिवा लाल! बर्फ खिडकीच्या वर चढलेला, उजेड येणार कुठून? बायको हात्सुए म्हणाली, "अहो, लाल म्हणजे अंधार. न्या सगळ्यांना अंगणात."

नेलं. उमेनोताईला पाठुंगळी घेऊन नेलं! बाहेर ऊन, खाली बर्फ, डोळे दिपतायत नुसते. डोळा लावला... दिवा लाल! "अहो, आता उजेड जास्त झाला!" सासू परवडली हो, ती निदान एकाच बाजूनं बोलते!

परत आत. "तो वरचा फ्लॅश उचला ना!" उचलला. कुईंऽऽ करून डासासारखा रडायला लागला. नारिंगी दिवा लागेपर्यंत थांबायचं म्हणे. थंडीनं बॅटऱ्या गारठलेल्या, तो कसला लागतोय! तोकुजीनं कॅमेरा खाली घेतला, म्हणाला, "माफ करा हं, जरा थांबा," आणि सवयीनं नमस्काराला वाकला. झालं! समोरचा वाकल्यावर आमच्याकडे ताठ बसतं का कुणी? सगळ्यांना वाटलं, फोटो निघाला. "फार त्रास दिला हो!" म्हणत सगळे वाकले. तोकुजी पुन्हा वाकला, ते पुन्हा वाकले.

"नाही निघाला होऽ!" तोकुजी रडकुंडीला आला. "हलू नका कुणी! पाया पडतो!"

"पाया नको पडूस," उमेनोताई म्हणाली, "नाहीतर आम्हाला वाकावं लागेल."

बसले सगळे श्वास रोखून. डोळा लावला, आतला दिवा अजून लालच, पण फ्लॅशचा नारिंगी लागला एकदाचा! तोकुजीनं बोट दाबायला घेतलं, आणि तेवढ्यात बाजूचं दार सरकवून बसवाला आत. "वेळ झाली, माफ करा हं!" म्हणत कमरेतून वाकला. सगळे वळून त्याच्यापुढे वाकले, तो सरळ झाला, आणि... लख्ख!

धुऊन आला फोटो. पुढे सगळी टकलं आणि अंबाडे, कडेला बसवाला. हसरा. चेहरा आला तो त्याचा एकट्याचा!

तसाच पाठवला, दुसरा होता कुठे? काही महिन्यांनी ब्राझीलहून फोन. "तोकु, फोटो भिंतीवर लावलाय रे. नातवंडं विचारत होती, यातला तुमचा धाकटा भाऊ कोण? तू तर काढणारा, त्यात नाहीसच... मी आपलं बसवाल्याकडे बोट दाखवलं. चाललं ना?"

तोकुजी रिसीव्हर धरून फोनपुढेच वाकला. मग म्हणाला, "चालेल दादा. माणूस चांगला आहे तो."