फेट्याआड अडकलेला दवाखाना

मंडळी, मला एक सांगा – सेवा म्हणजे काय? पुढं उभं राहणं, की वाटेतून बाजूला होणं? नुसत्या माना हलवू नका, ऐका!

डोंगरातलं गाव कुंभारखिंड. तिथल्या सेवा मंडळानं वेबसाइट काढली. सापाचं इंजेक्शन आज कुठल्या दवाखान्यात आहे, ते तिच्यावर बघायचं. केवढं पुण्याचं काम! सांभाळायची रेवती – अध्यक्ष आबासाहेबांची धाकटी सून.

एका सकाळी केराबाई दारात उभी. "वैनी, मालकास्नी फुरसं चावलं. तुमचं ते पान मी उघडाया बसले, तर नुसतं गोल गोल फिरतंय! अंदाजानं नेलं, तिथं इंजेक्शनच न्हाई. दुसरीकडं नेस्तवर पाय गेला हो त्यांचा!"

रेवती तशीच फोनकडं धावली. तिनं पान उघडलं. आधी कोण? आबासाहेब! फेटा, शाल, हार! मग उपाध्यक्ष, खजिनदार, झाडून सगळे सत्कारमूर्ती – एकेक फोटो भिंतीएवढा! आणि दवाखान्यांची यादी? सगळ्यांत शेवटी, मांडवाबाहेर ताटकळणाऱ्या पाहुण्यासारखी!

बैठकीत ती म्हणाली, "हे फोटो पानावरून काढू या."

झालं! खजिनदार उसळले, "सत्कार झालाय माझा! फुकट नाही लागला फोटो!"

आबासाहेब गरजले, "सूनबाई, मोठ्यांचा मान माहेरी शिकवला नाही का?"

रडली का ती? भांडली का? छे! दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना केराबाईच्या बांधावर घेऊन गेली, जिथं रेंज जेमतेम एक काडी. फोन हातात दिला. "मामंजी, समजा मला साप चावलाय. दवाखाना शोधा."

आबासाहेब हसले. बोट टेकवलं. तुरा आला... थांबा... फेटा आला... थांबा... कपाळ आलं! "येतंय हं, सूनबाई!" रेवती साप चावल्यागत स्वतःचा पाय धरून खाली बसली. भुवया आल्या. मिशीचं एक टोक आलं – आणि आबासाहेबांनी खाली बसलेल्या सुनेकडं पाहिलं.

"अगं पोरी, माझ्याच थोबाडाआड दवाखाना अडकलाय! काढ. आधी माझा काढ!"

अध्यक्षांचाच गेल्यावर बाकीचे कशाला कुरकुरतील? सगळे फोटो आतल्या पानावर गेले, तेही लहान होऊन. यादी वर आली, साध्या अक्षरांत. त्याच बांधावर म्हाताऱ्यानं पुन्हा बोट टेकवलं – पापणी लवायच्या आत दवाखान्याचं नाव! सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

काय ही पोर, मंडळी! कुणाचा पाणउतारा केला नाही, आणि वाट मोकळी केली!

आता तुम्ही! हो, पुढच्या रांगेतले, ऐसपैस बसलेले! मागं ती बाई लेकरू कडेवर घेऊन कधीची टाचा उंचावतेय. सरका जरा, घ्या तिला पुढं... बसली? हं, आता वाजवा टाळी – रामकृष्ण हरी!